एक्सपल्सच्या पुढच्या फोर्कला किती कडक स्प्रिंग घ्यावी? वजन ९२, ऑफरोड जास्त

चाळकेवाडी_वारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आता अडलोय म्हणून विचारतो. गाडी हीरोची एक्सपल्स २०० फोर व्ही, स्टँडर्ड, प्रो नाही आणि रॅली किट पण नाही, म्हणजे पुढे ३७ एमएमचा साधा फोर्क (पुढच्या चाकाचे दोन शॉकअप) आणि १९० एमएम ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क एवढा दबू शकतो. माझं वजन ९२ किलो, हेल्मेट बूट आर्मर पाठीवर पाणी असं सगळं चढवलं की शंभराच्या वर जातं. राहायला साताऱ्यात, त्यामुळे फिरणं बहुतेक चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचे कच्चे रस्ते, तापोळ्याकडची बाजू, पाऊस संपला की उघडा पडलेला जांभा. रोज ऑफिसला पण हीच गाडी.

अडचण अशी की उतारावर दगडाच्या पायऱ्या आल्या की फोर्क पार तळाला जातो, खाडकन आवाज येतो आणि हँडल हाताला झटका देतं, आणि पुढचा ब्रेक जरा जोरात धरला की नाक लगेच खाली. यात गाडीला नावं ठेवत नाहीये, कुठलीही कंपनी मधल्या वजनाचा रायडर धरूनच स्प्रिंग देणार आणि मी त्या मधल्या वजनात बसत नाही एवढंच.

आता सल्ले मिळालेत तीन आणि तिन्ही वेगळे. एक मित्र म्हणतो ऑईल जाड टाक. दुसरा म्हणतो स्प्रिंगच्या वर पाईपचा तुकडा टाक म्हणजे कडक होईल. इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं की स्प्रिंगचे दहा वेढे कापू, पैसे वाचतील. आणि नेटवर बघितलं तर वजन टाका आणि स्प्रिंग नंबर घ्या असे तक्ते, त्यात एक ०.५० सांगतो एक ०.५५, एक न्यूटनमधे बोलतो एक पाउंडमधे, डोकं चालेना. महाग वस्तू आहे, एकदाच घ्यायची आहे. नेमकी कुठली घ्यायची हे ठरवायचं कसं?

भोसरीकर_लेथ

राम राम. प्रश्न नीट विचारलास, सगळी माहिती दिलीस, त्यामुळे उत्तर पण नीट देतो, लांब होईल.

आधी युनिटचा गोंधळ मिटव. ०.५० किलो पर एमएम म्हणजे साधारण ४.९ न्यूटन पर एमएम म्हणजेच २८ पाउंड पर इंच, तिन्ही एकच. हा आकडा एका स्प्रिंगचा असतो, गाडीला दोन्ही शॉकअप मिळून याच्या दुप्पट मिळतं. हे दुकानदाराला पण विचारून घे, एका पायाचा म्हणजे एका शॉकअपचा आकडा सांगतोय की जोडीचा.

आता तक्ते. तक्त्यात फक्त तुझं वजन जातं. तू बसून चालवतोस की उभा राहून, हँडल किती उंच आहे, टाकी भरलेली असते की अर्धी, यातलं काही त्याला कळत नाही, म्हणून दोन तक्ते दोन नंबर देतात. तक्ता सुरुवातीला अंदाज घ्यायला ठीक. ठरवायचं मात्र तुझ्या गाडीवर मोजून, आणि मोजायला टेप आणि दोन माणसं पुरतात.

मोजायचं असं. इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावून पुढचं चाक हवेत घे म्हणजे फोर्क पूर्ण उघडेल. फोर्कवरचे रबरी बूट वर सरकव, डस्ट सीलच्या (नळीवरची धूळ अडवणारी रबरी रिंग) वरच्या कडेपासून हँडलच्या खालच्या क्लॅम्पच्या (फोर्कच्या नळ्या पकडणारा भाग) कडेपर्यंत अंतर घे. हा पहिला आकडा. मग गाडी चाकांवर उभी कर, मित्राने नुसती तोलून धरायची, कोणी बसायचं नाही. हँडल दाबून हळूच वर येऊ दे, जिथे थांबेल तिथे मोज. मग हँडल उचलून हळूच खाली येऊ दे, परत मोज. दोन्ही आकडे वेगळे येणार कारण सील आणि बुशचं घर्षण असतं, त्यांची सरासरी घे. पहिल्यातून ही सरासरी वजा केली की स्टॅटिक सॅग, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते. मग तू पूर्ण गिअरमधे वर चढ, परत तसंच दोनदा मोजून सरासरी, ती वजा केली की रायडर सॅग.

ऑफरोडला पुढे रायडर सॅग ट्रॅव्हलच्या ३० टक्क्यांच्या आसपास चांगला लागतो, तुझ्या १९० मधे ५७ च्या आजूबाजूला. स्टॅटिक १५ टक्क्यांच्या आसपास म्हणजे २८-३०. पाच एमएम इकडेतिकडे चालतं.

आणि आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट, ही नीट वाच. रायडर सॅगमधून स्टॅटिक सॅग वजा कर. जे उरतं ते फक्त तुझ्या वजनाने स्प्रिंग किती दबली ते. त्यात प्रीलोड, म्हणजे बसवतानाच स्प्रिंग किती दाबून ठेवली ते, येतच नाही. वर पाईपचा तुकडा म्हणजे स्पेसर टाकलास तर दोन्ही सॅग सारखेच कमी होतात, वजाबाकी तीच राहते, कारण स्प्रिंग तीच आहे. प्रीलोड म्हणजे खुर्चीखाली वीट ठेवणं, खुर्ची उंच होते पण गादी जेवढी मऊ तेवढीच मऊ. म्हणून स्प्रिंग कुठली हे वजाबाकी सांगते, स्पेसर किती हे त्यानंतर. लोक उलटं करतात, आधी स्पेसर वाढवून सॅग जुळवतात आणि मग म्हणतात नंबर तर बरोबर आलाय पण गाडी दगडावर उडते. उडणारच, कारण वरच्या बाजूला उघडायला जागाच ठेवली नाही, चाक खड्ड्यात खाली जायला हवं तेव्हा फोर्क आधीच पूर्ण उघडलेला असतो.

तू मोजून आकडे टाक, मग पुढचं बोलू. आणि वेढे कापायचं थांबव, त्याचं कारण वेगळं लिहितो.

नाशिकचा_घाट

लेथ दादांचं सगळं मान्य पण एवढं करायची गरज प्रत्येकाला नसते असं मला वाटतं. माझी पण हीच गाडी आहे, वजन ८०, ऑईल एक ग्रेड जाड टाकलं आणि २० एमएमचा स्पेसर, नाक खाली जाणं खूप कमी झालं, त्र्यंबक इगतपुरी साईडला मस्त चालते. खर्च पण फक्त ऑईलचा. आधी हे करून बघ, नाही पटलं तर स्प्रिंग आहेच की.

भोसरीकर_लेथ

नाशिककर, ८० किलो आणि डांबरी रस्ता जास्त असेल तर तुमचं काम त्यात भागणार, त्यात वाद नाही. पण याचं दुखणं वेगळं आहे म्हणून ऑईलवर जरा सविस्तर लिहितो.

ऑईलला फक्त वेग कळतो, फोर्क किती खोल गेलाय ते कळत नाही. फोर्क उभा असेल, हलत नसेल, तर ऑईल काहीच धरत नाही, शून्य. गाडीचं आणि माणसाचं वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, आणि थोडंसं वरच्या हवेचं. ब्रेक लावताना नाक हळू जातं म्हणून जाड ऑईलने बरं वाटतं, पण ब्रेक धरून ठेवला की शेवटी तेवढंच खाली जातं. लांब उतारावर पुढे वजन सतत असतं, तिथे फोर्क खालीच बसून राहतो आणि पायरी आली की दाबायला जागा उरलेली नसते.

शिवाय या प्रकारच्या साध्या डॅम्पर रॉडच्या (आतली भोकं असलेली नळी) फोर्कमधे ऑईल ठराविक मापाच्या भोकातून जातं, आणि भोकातून जाताना वेग दुप्पट झाला तर विरोध जवळपास चौपट होतो. म्हणजे हळू हालचालीत ऑईल फारसं काही करत नाही आणि जांभ्याच्या धारदार दगडावर चाक झटक्यात वर येतं तेव्हा एकदम भिंतीसारखं कडक होतं. त्यात अजून जाड ऑईल टाकलं की दगडाचा मार सरळ मनगटात. या माणसाची तक्रार दगडांचीच आहे, म्हणून याला तो उपाय मी देणार नाही.

आता वेढे कापण्याचं. कापल्याने स्प्रिंग कडक होते हे खरं आहे, खोटं नाही. ७० वेढ्यांपैकी १० काढले तर उरलेली स्प्रिंग साधारण १७ टक्के कडक होते, कारण तेवढंच वजन आता कमी वेढ्यांत वाटलं जातं. पण जागेचा हिशोब बघ. समज स्प्रिंग मोकळी ५४० एमएम लांब, तार ४.५ एमएम, वेढे ७०. सगळे वेढे एकमेकांना चिकटले की लांबी ३१५. म्हणजे दबायला जागा २२५. तुझं ट्रॅव्हल १९० आणि प्रीलोड २० धरला तर लागतात २१०, म्हणजे १५ एमएम शिल्लक, ठीक आहे. आता १० वेढे कापलेस की दबायची जागा पण त्याच प्रमाणात गेली, उरली १९३. लागतात २१०. फोर्क तळाला जायच्या आधीच वेढ्यावर वेढा बसून लोखंडाची नळी होणार, आणि तो सगळा धक्का थेट कॅप (फोर्कचं वरचं झाकण) आणि क्लॅम्पवर. हे आकडे समजावण्यासाठी धरलेत, तुझ्या स्प्रिंगचे तू मोज, पण हिशोब असाच. शिवाय कापलेलं टोक सपाट घासावं लागतं, आणि टोक बसवायला गॅसने तापवलं तर तेवढ्या भागाचं टेंपर (पोलादाला दिलेला कडकपणा) गेलंच.

कडक स्प्रिंग विकत घेताना किंवा बनवून घेताना हाच हिशोब लागतो. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणजे ४.५ ची तार ४.७ केली की स्प्रिंग साधारण १९ टक्के कडक. फक्त ०.२ एमएम. डोळ्याला दिसतही नाही, म्हणून स्प्रिंग हातात घेऊन दाबून बघून सांगणाऱ्यांवर जाऊ नका, व्हर्निअर लावा. पण ४.७ च्या तारेचे तेवढेच ७० वेढे ठेवले तर चिकटल्यावर लांबी ३२९ होते आणि शिल्लक जागा १५ वरून १ एमएमवर येते. म्हणून चांगला बनवणारा वेढ्यांची संख्या, तार आणि लांबी तिन्ही एकत्र बघतो. विकणाऱ्याला मोकळी लांबी, तार आणि वेढे हे तीन आकडे विचारायचेच. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस.

कोल्हापूरची_धूळ

मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते कारण असे धागे वाचून सगळ्यांना वाटतं की ऑफरोड म्हटलं की स्प्रिंग कडकच करायची. माझं वजन ५४, गिअर धरून ६३. हीच गाडी, राधानगरी गगनबावडा भागात फिरते. मला पण एका दुकानात सांगितलं होतं की ट्रेलवर जाता तर हेवी स्प्रिंग टाकाच. मी आधी मोजलं, स्टॅटिक ३९ आणि रायडर ६०. म्हणजे मी बसल्यावर फक्त २१ एमएम. स्प्रिंग बदलली नाही. बदलली असती तर अर्धं ट्रॅव्हल कधी वापरलंच गेलं नसतं, आणि हलक्या माणसाला कडक फोर्क म्हणजे पुढचं चाक दगडावरून घसरतं, टायर जमिनीला धरत नाही, चिखलात तर अजूनच.

एक सोपी गोष्ट करा, फोर्कच्या नळीला डस्ट सीलला टेकवून एक झिप टाय बांधा, रबरी बूट वर बांधून ठेवा आणि नेहमीचा रस्ता फिरून या. टाय जिथे सरकून थांबली तिथपर्यंत फोर्क गेला. दिवसभरात सगळ्यात वाईट धक्क्याला शेवटचे १०-१५ एमएम सोडून सगळं वापरलं गेलं तर बरोबर. माझी टाय अगदी तिथेच थांबते. पण हे सॅग मोजल्यानंतर बघायचं, त्याच्या जागी नाही, कारण टाय फक्त तळ सांगते, फोर्क मधे कुठे राहतो ते सांगत नाही.

भोसरीकर_लेथ

ताई, एकदम बरोबर, तुमचे आकडे या धाग्यात आले ते फार बरं झालं. तुमचा स्टॅटिक थोडा जास्त आहे, ५ एमएमचा स्पेसर टाकलात तर ३४ आणि ५५ होईल, वजाबाकी २१ च राहील. नाही टाकला तरी काही बिघडत नाही.

चाळकेवाडी_वारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मोजलं, भाऊ आणि शेजारचे काका मदतीला होते, टाकी अर्धी होती. स्टॅटिक ४०, रायडर ७४. फूटपेगवर उभा राहून, गुडघे जरा वाकवून, भिंतीला फक्त बोटं टेकवून घेतलंय कारण मी ट्रेलवर उभाच असतो. बसून मोजलं तर ७० आलं. दाबून आणि उचलून मोजण्यात ८ एमएमचा फरक येत होता.

दोन प्रश्न. उभ्याचा आकडा धरायचा की बसून? आणि कधीतरी मागे टेंट आणि बॅगा बांधून जातो, तो भार पण धरायचा का?

भोसरीकर_लेथ

मस्त मोजलंस. घर्षणाचा ८ एमएम फरक चालेल, पंधराच्या वर गेला असता तर आधी अ‍ॅक्सल सैल करून फोर्क दाबून परत सरळ बसवायला सांगितलं असतं, बऱ्याचदा चाक बसवताना एक शॉकअप जरासा आत दाबला गेलेला असतो आणि लोक स्प्रिंगला दोष देतात.

उभ्याचाच आकडा धर, जसा चालवतोस तसा. फक्त नंतर नवी स्प्रिंग टाकून मोजशील तेव्हा पण उभाच रहा, तेवढीच टाकी, तोच गिअर.

आता हिशोब. ७४ वजा ४०, तुझ्या वजनाने स्प्रिंग ३४ एमएम दबते. आपल्याला हवंय ५८ आणि ३०, म्हणजे २८. तर ३४ भागिले २८, १.२१. तुला आत्ताच्या स्प्रिंगपेक्षा २० टक्के कडक पाहिजे. एवढंच. आता बघ, तू नुसता १६ एमएमचा स्पेसर टाकून रायडर सॅग ५८ केला असतास तर स्टॅटिक २४ झाला असता आणि वजाबाकी ३४ च, म्हणजे पायरीवर परत तळाला, वरून उडणार ते वेगळंच. २० टक्के कडक स्प्रिंगला समज आत आत्ता २० एमएम प्रीलोड असेल तर तोच ठेवूनसुद्धा स्टॅटिक ४० चा ३० होतो आणि रायडर ५८. नवीन स्पेसर लागणारच नाही कदाचित.

आता २० टक्के कशापेक्षा? आधी तुझ्या स्प्रिंगचा खरा आकडा काढ. कॅटलॉगमधे शोधत बसू नकोस, मोज. स्प्रिंग आतून बाहेर काढल्यावर एक जाड सळई उभी करून त्यावर चढव म्हणजे मधे वाकणार नाही, खाली वजनकाटा ठेव, वरून ड्रिल प्रेसने किंवा कुठल्या वर्कशॉपच्या हँडप्रेसने दाब. २० एमएम दाबून काट्याचा आकडा लिही, मग ७० एमएमपर्यंत दाबून परत लिही. दोन्हीतला फरक भागिले ५०. समज फरक २३ किलो आला तर स्प्रिंग ०.४६ ची, मग तुला पाहिजे ०.५५. फरक २१ आला तर ०.४२ आणि तुला ०.५०. बघितलंस ना, तुझे दोन्ही तक्ते बरोबर असू शकतात आणि दोन्ही चूक असू शकतात. अजून एक, ७० वरून १२० पर्यंत परत एकदा मोज. तेवढ्याच ५० एमएमला जास्त किलो लागले तर तुझी स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह आहे, मग सॅगच्या पट्ट्यातला आकडा धरायचा.

नेमका नंबर मिळाला नाही तर घाबरू नकोस, दोन शॉकअपमधे दोन वेगळ्या टाकल्या तरी चालतं. ०.५० आणि ०.५५ टाकली तर गाडीला १.०५ मिळतं. दोन्ही पाय एकाच अ‍ॅक्सल आणि क्लॅम्पने बांधलेले आहेत, बेरीज महत्त्वाची. मोटोक्रॉसवाले हे नेहमी करतात. फक्त फरक छोटा ठेवायचा.

सामानाचं म्हणशील तर मागे बांधलेला भार जवळपास सगळा मागच्या चाकावर जातो, त्यासाठी पुढची स्प्रिंग वाढवू नकोस. तेव्हा मागच्या मोनोशॉकचा प्रीलोड वाढव. मागचं बसलं की पुढचं उचललं जातं, गाडी वळायला आळशी होते, आणि माणसाला वाटतं पुढचा फोर्क बिघडला.

स्पिती_ते_सांगली

लेथ दादा, लिनिअर की प्रोग्रेसिव्ह यावर पण लिहा ना. मी प्रोग्रेसिव्ह टाकलीये, गाडी वेगळी आहे, हिमालयन ४११, तिला ४१ एमएमचा फोर्क आणि २०० ट्रॅव्हल. मला लांबच्या प्रवासाला फार आवडली, छोट्या खड्ड्यांवर मऊ आणि मोठ्याला सावरते, आणि सामान पिलियन एकटा असं सगळं बदलत असतं माझं.

भोसरीकर_लेथ

तुमच्या वापराला प्रोग्रेसिव्ह योग्यच आहे, भार बदलतो आणि रस्ता जास्त. या साताऱ्याच्या माणसाला मात्र मी लिनिअर सांगेन. प्रोग्रेसिव्हमधे सुरुवातीचे वेढे जवळजवळ असतात, ते आधी दबून चिकटतात आणि मग स्प्रिंग कडक होते. उतारावर उभं राहून पुढे वजन दिलं की ते मऊ वेढे सगळे संपलेले असतात आणि माणूस नेमका त्या बदलाच्या जागेवर चालत राहतो, दर दगडाला फोर्क वेगळा वागतो. लिनिअरला एकच स्वभाव. आणि शेवटचा तळ सांभाळायला आपल्याकडे हवा आहेच.

म्हणजे असं की ऑईलच्या वर जी हवा बंद आहे ती पण स्प्रिंगच आहे, आणि ती पूर्ण प्रोग्रेसिव्ह आहे. ऑईलची पातळी १० एमएम वाढवली की सुरुवातीच्या अर्ध्या ट्रॅव्हलला जवळपास काही कळत नाही, शेवटच्या तिसऱ्या भागात मात्र हवा दाबली जाऊन फोर्क सावरतो. फुकट मिळणारं प्रोग्रेसिव्ह आहे ते, आणि सिरिंजला नळी लावून घरी कमीजास्त करता येतं. फार वाढवू नका, सील बाहेर येतं.

तुम्ही स्पितीला जाता तर एक सांगतो, खालून वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि फोर्कमधली हवा त्या मानाने जास्त भरल्यासारखी होते, फोर्क उगाच कडक लागतो. पुढचं चाक हवेत घेऊन, फोर्क पूर्ण उघडा असताना हवा सोडली की नीट होतो. ब्लीड स्क्रू असेल तर त्याने, नसेल तर तिथे रस्त्यात कॅप खोलू नका, राहू द्या.

नाशिकचा_घाट

दादा, तुमचं ऑईलचं वाचून मी पण मोजायचं ठरवलंय. पण मग स्प्रिंग बदलल्यावर ऑईल तेच ठेवायचं का? कडक स्प्रिंग परत येताना जास्त जोरात फेकेल ना?

भोसरीकर_लेथ

हो, हा प्रश्न यायलाच पाहिजे होता. कडक स्प्रिंग दबली की परत ढकलताना जास्त जोर लावते, त्यामुळे रिबाऊंडला (दबलेला फोर्क परत उघडतो त्याला) थोडी जास्त आवर लागते. साध्या फोर्कमधे बाहेरून स्क्रू नसतो, म्हणून ऑईलच थोडं जाड करावं लागतं, पण थोडंच. २० टक्के स्प्रिंगला एक अख्खी ग्रेड लागेलच असं नाही. आधी आहे त्याच ऑईलवर चालवून बघा. फोर्क जोरात दाबून सोडा, वर येऊन एकदाच थांबला तर ठीक, वर जाऊन परत खाली येऊन डुलत राहिला तर ऑईल वाढवा. उलट दगडांच्या लागोपाठ रांगेत फोर्क दर दगडाला अजून अजून खाली बसत गेला तर रिबाऊंडची आवर जास्त झालीये, ऑईल पातळ करा.

आणि बाटलीवरच्या १० डब्ल्यू १५ डब्ल्यू वर विश्वास ठेवू नका. ते आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, एकाचं दहा दुसऱ्याच्या पंधराएवढं निघतं. डेटाशीटमधे ४० डिग्रीला किती सेंटीस्टोक (ऑईलची जाडी मोजायचं एकक) लिहिलंय ते बघा आणि त्यावर तुलना करा. एकाच कंपनीची दोन ऑईलं मिसळून मधला नंबर करता येतो.

ज्यांना दगडावरचा मार खरंच कमी करायचाय त्यांच्यासाठी इम्युलेटर नावाची वस्तू असते. डॅम्पर रॉडची कॉम्प्रेशनची म्हणजे दाबतानाची भोकं मोठी करतात, रॉडच्या वर आणि स्प्रिंगच्या खाली एक छोटी वाल्व बसवतात, आणि दाबताना ऑईल त्या वाल्वमधून जातं. हळू दाबात वाल्व बंद राहते म्हणून ब्रेकला नाक आवरतं, झटक्याला उघडते म्हणून दगड मनगटात येत नाही. रिबाऊंड मग ऑईलच्या जाडीने ठरवायचा. पण ते स्प्रिंग बरोबर झाल्यानंतरचं काम, आणि नळीच्या आतल्या मापाचं मिळालं तरच.

चाळकेवाडी_वारा

आता सगळं डोक्यात बसलं, खरंच आभारी आहे. रविवारी भाऊ आणि मी मिळून घरीच उघडणार आहोत. काय आधी काय नंतर आणि सांभाळायचं काय एवढं सांगा.

कोल्हापूरची_धूळ

डोळ्याला चष्मा लावा, हे मी आधी सांगते. कॅप शेवटच्या आट्यावर आली की स्प्रिंग तिला वर उडवते, चेहरा वरून बाजूला ठेवा आणि पान्यावर तळहाताने दाबून हळू फिरवा. आणि रबरी बूट परत चढवायच्या आधी डस्ट सीलभोवतीची माती पाण्याने नाही, कापडाने पुसा.

भोसरीकर_लेथ

ताईंनी सांगितलं ते पहिलं. मग असं. फोर्क गाडीवर असतानाच वरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून कॅप फक्त अर्धा आटा सैल कर, नंतर बाहेर काढल्यावर पकडायला काही राहत नाही. क्लॅम्प घट्ट असताना कॅप सैल करायला जाऊ नकोस, आटे धरून बसतात. पुढचं चाक हवेत आहे आणि गाडी पक्की बांधली आहे याची खात्री कर, अ‍ॅक्सल काढ, ब्रेक कॅलिपर ब्रेकच्या पाईपवर लटकू देऊ नकोस, तारेने हँडलला बांध. एबीएसची वायर पण जप.

दोन्ही शॉकअप बाहेर आले की स्प्रिंग काढून मोकळी लांबी, तार, वेढे लिहून घे आणि वर सांगितलं तशी काट्यावर मोज. जुनं ऑईल पूर्ण ओत, फोर्क वरखाली करून शेवटचं पण निघू दे. रविवारी एवढंच कर. नवी स्प्रिंग मागवायची ती या आकड्यांवर, तोपर्यंत जुनीच परत बसव, नवं ऑईल टाकून. बनवून घेणार असशील तर क्रोम सिलिकॉनची तार, शॉट पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा), आणि पूर्ण दाबून सेट करून दे असं स्पष्ट सांग, नाहीतर काही महिन्यांनी स्प्रिंग स्वतःच ५-१० एमएम आखूड होते आणि सॅग परत सरकतो.

ऑईल भरताना सीसी मोजून थांबू नकोस. नवी स्प्रिंग जाड तारेची असली की ती आत जास्त जागा घेते, तेवढंच सीसी ओतलंस तर पातळी वेगळी होते. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, नळी सरळ उभी, आणि वरच्या काठापासून ऑईलपर्यंत पट्टीने मोजून दोन्ही शॉकअप सारखे कर. हवेचे बुडबुडे निघेपर्यंत दहा मिनिटं ठेव, परत मोज.

बसवताना आधी क्लॅम्पचे बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलच्या टॉर्कला घट्ट कर, मग अ‍ॅक्सल आत घालून फोर्क चारपाच वेळा जोरात दाब आणि मगच अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला घट्ट कर. मग मागचा सॅग पण मोज, १७० ट्रॅव्हल आहे, ५० च्या आसपास पाहिजे. पुढचं १५-१६ एमएम उंच झालं आणि मागचं तसंच बसलेलं राहिलं तर गाडी सरळ रस्त्याला छान वाटेल पण घाटाच्या आखूड वळणात आत यायला मागणार नाही. मागचा प्रीलोड एक-दोन घर वाढवून जुळव, आणि तरी जड वाटली तर फोर्कच्या नळ्या वरच्या क्लॅम्पमधून ५ एमएम वर सरकव, त्याहून जास्त नको, आणि सरकवल्यावर फोर्क पूर्ण दाबला तरी मडगार्ड वर टेकत नाही ना ते बघून घे.

काट्यावरचे आकडे आले की इथेच टाक, स्प्रिंगचा नंबर मिळून ठरवू.